खिळ्यावरची नळी

सर, तुमची ती रबरी नळी अजून माझ्याकडे आहे. आयटीआयच्या शेवटच्या प्रॅक्टिकलनंतर तुम्ही ती मला बक्षीस दिलीत, तेव्हापासून ती सतत माझ्यासोबत आहे. सध्या आमच्या कर्वेनगरच्या गॅरेजात खिळ्यावर टांगलेली असते. एक टोक कानाला लावायचं, दुसरं चालू इंजिनवर फिरवायचं, जिथे नको तिथून हवा आत शिरत असेल तिथे बारीक शिट्टी ऐकू येते. गेल्या सोमवारी सकाळी ती खिळ्यावर उलटी, कानाचं टोक खाली अशी दिसली. मी तिला कधीच उलटी टांगत नाही, आणि गॅरेजाची दुसरी किल्ली एकाकडेच असते.

तो म्हणजे माझा भागीदार. तुम्हाला आठवेल, लोणी काळभोरहून एसटीने यायचा आणि डबा वर्कशॉपच्या व्हरांड्यात, खिडकीखाली बसून खायचा, तोच. वीसेक वर्षं आम्ही एकत्र काम करतो आहोत. पण गेला महिनाभर फोन आला की तो बाहेर जाऊन बोलतो. लोणीला हायवेवर एक गाळा रिकामा आहे, असंही एकदा सहज म्हणाला होता. पुण्यात कोणी काही सहज म्हणत नाही, हे मला कळतं. त्यातच शनिवार पेठेतल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका तिसऱ्यांदा गाडी घेऊन आल्या. पळताना गाडी झकास, सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. बाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे गाडी दुरुस्त होते की नुसती पुसून मिळते, तेवढं सांगा, म्हणजे मी त्या बेतानं येत जाईन."

सर्व्हिसिंग मीच केलं होतं. प्लग बदलले होते, थ्रॉटल साफ केला होता, स्कॅनर लावून पाहिला होता. त्यामुळे चूक माझी असणं शक्यच नव्हतं. कोणीतरी माझ्या मागे गाडी बिघडवतंय, गिऱ्हाईक माझ्यावर चिडावं आणि उद्या लोणीच्या गाळ्यात जावं म्हणून, असा मी हिशोब मांडला. रविवारी संध्याकाळी त्या गाडीच्या इंजिनमधल्या पाइपांच्या सगळ्या क्लिपांवर मी पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. क्लिप हलली की ठिपका तुटणार. सोमवारी नळी उलटी होती आणि इंजिनच्या मागच्या क्लिपवरचा ठिपका तुटलेला होता. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकलो. प्रॅक्टिकलच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही दार लावून घेऊन इंजिनमध्ये बिघाड करून ठेवायचात आणि आम्ही एकेकाने तो शोधायचा. त्या दिवशी मला दोन मिनिटं लागली. माझ्या या भागीदाराला चाळीस लागली, कारण तो इंजिन तापायची वाट बघत नुसता उभा होता. मग खिडकीच्या धुळीत तुम्हाला हाताचा ठसा दिसला. त्या खिडकीखाली डबा खायचा तो, म्हणून तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. "खिडकीतून बघून इंजिन कळत नसतं," एवढंच म्हणालात आणि सगळ्यांसमोर त्याचे मार्क कापलेत. माझ्या पाठीवर थाप मारलीत, कान आहे तुला म्हणालात आणि ही नळी दिलीत. तो काही बोलला नाही. मीही नाही.

सोमवारी तो आल्याआल्या मी विचारलं, माझ्या मागे या गाडीला हात कोणी लावला. तो म्हणाला, "मी. काल रात्री तापवून ऐकली." त्याने इंजिनमागचा हवेचा पाइप काढून माझ्या हातात दिला. खालच्या बाजूला नखाएवढी चीर होती. फिल्टर काढताना मीच तो पिळून ओढला असणार. रबर गार असताना चीर मिटून राहायची, तापलं की उघडायची. मी गाडी रोज सकाळी गारच तपासत होतो. तरी माझी जीभ गप्प बसेना. मी गाळ्याचं काढलं, फोनांचं काढलं, ठिपक्यांचंसुद्धा सांगून टाकलं.

त्याने फडक्याला हात पुसले. "गाळा बायकोच्या शिवणकामासाठी हाय," तो म्हणाला. "आन् त्या दिवशी खिडकीत कोण होतं, ते मला तवाच ठाव हाय. मी खालीच बसलो होतो ना." मग त्याने नळी खिळ्यावर सरळ टांगली आणि नवा पाइप आणायला गेला.

बाईंची गाडी आता छान उभी राहते. तो रोज वेळेवर येतो, मला चहा देतो, पूर्वीसारखाच बोलतो. इतकी वर्षं सगळं माहीत असून हा माझ्याबरोबर का राहिला, हे मला कळत नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीची मला भीती वाटते. मी अजून त्याची माफी मागितलेली नाही. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं: खिडकीत मी होतो, सर. तो ठसा माझा होता. आणि एवढं धाडससुद्धा मला आत्ताच झालं, कारण तुम्ही आता या जगात नाही आणि हे पत्र कुठे पोचणार नाही याची मला पक्की खात्री आहे.