योहाना स्कोव दारात थांबते

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५. इचिकावा, जपान

मूकपट मूक नसतो! निदान इथे तरी नाही. सूनबाईंनी, म्हणजे ईश्वरीने, मला कोमिनकानला नेलं. नगरपालिकेचं सभागृह, चपला बाहेर, आत घडीच्या खुर्च्या. शंभर वर्षांपूर्वीचा डॅनिश चित्रपट. पडद्याच्या डावीकडे छोट्या मेजामागे मोरिता-सान नावाच्या बाई, माझ्याच वयाच्या. पडद्यावर कुणाचेही ओठ हलोत, शब्द यांच्या तोंडातून. नवरा, पोस्टमन, म्हातारी सासू — सगळ्यांचे आवाज या एकट्या काढतात. अशा निवेदकाला बेनशी म्हणतात. पूर्वी लोक नटांपेक्षा बेनशीचं नाव बघून तिकीट काढत. ईश्वरी कानाशी मराठीत सांगत होती.

नटीचं नाव योहाना स्कोव. शेवटी ती बॅग घेऊन दारात थांबते आणि मागे वळून बघते. बराच वेळ. मोरिता-सान रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मुलांना जेवायला घाला. मी परत येईन." चार-पाच रुमाल बाहेर निघाले. माझा नाही.

हे घरीच होते, मुलाजवळ, स्वानंदजवळ. ह्यांना अंधारात बसायला आवडत नाही.

सोमवार, ६ ऑक्टोबर

स्वानंदने पुन्हा तोच विषय काढला. बारा नोव्हेंबरला आम्ही पुण्याला परतणार, तर परतून थेट ज्येष्ठ निवासात जा. तिथे नर्स आहे, लिफ्ट आहे. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, ह्यांचा उजवा पाय ओढत चालतो. पक्षाघाताला दीड वर्ष झालं. वाचा गेली ती गेलीच. समजतं मात्र सगळं — डॉक्टर तसं म्हणतात, मलाही दिसतं.

मी स्वानंदला सांगितलं, ह्यांना स्वतःचंच घर हवंय. हे खिडकीतून खाली सायकली बघत होते.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सभागृहातलं माहितीपत्रक ईश्वरीकडून वाचून घेतलं. योहाना कोपनहेगनला टोप्यांच्या दुकानात होती. एकोणिसाव्या वर्षी, १९११ साली, पहिला चित्रपट. सोळा वर्षांत एकतीस. आज सात शिल्लक. बाकीच्या फिती जळाल्या, नाहीतर कुजल्या. त्या काळी सगळे छाती बडवून अभिनय करत, ही नुसती उभी राहायची. दिग्दर्शक चिडायचे. लोक बघत राहायचे.

बोलपट आले आणि तिने काम सोडलं. आवाज चांगला नसणार, असं सगळे म्हणाले. ऐकला होता कुणी?

म्हातारपणी एका पत्रकाराने विचारलं, त्या दारात तुमच्या मनात काय होतं? म्हणाली, बूट चावत होता.

बाई मला आवडली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज पुन्हा तोच चित्रपट. मी मुद्दाम गेले.

फीत तीच, दार तेच, बॅग तीच. पण मोरिता-सान आज वेगळंच बोलल्या! सुरुवातीपासूनच नवरा दुष्ट, सासू खाष्ट. आणि दारात योहाना म्हणते, "आता मला शोधू नका." चेहऱ्यात तसूभर फरक नाही, तरी मागच्या वेळी तो दुःखी होता, आज सुटल्यासारखा. मला स्वतःच्याच डोळ्यांचा राग आला.

कार्यक्रमानंतर मी मोरिता-सानना गाठलं. ईश्वरी संकोचत होती, मी म्हटलं, विचार — खरं कुठलं? सदतीस वर्षं शाळा चालवली. एका उताऱ्याचे असे दोन अर्थ कुणी आणले असते तर वही परत दिली असती.

मोरिता-सान हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत असतं तर एकदाच सांगितलं असतं." त्यांचे गुरू त्या दाराशी आले की गप्प उभे राहत. चाळीस वर्षं झाली, त्यांना स्वतःला अजून ते जमलेलं नाही. तोंड आपोआप उघडतं.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तासांच्या दुकानात, ह्यांनी फळीवरचा तयार कॉफीचा डबा उचलला. मी परत ठेवला. ह्यांना कॉफी सोसत नाही. घरी आल्यावर ते सांगितलं तर ईश्वरी म्हणाली, बाबा तर स्वानंदबरोबर फिरायला गेले की रोज घेतात.

रोज!

मग निवासाचा विषय निघाला. मी माझं म्हणणं पुन्हा सांगितलं. ईश्वरी भाजी चिरत होती. सुरी खाली न ठेवता म्हणाली, "आई, हे बाबांचं मत की तुमचं?"

आगाऊपणा आहे. पण भाजी बारीक चिरते.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दीड वर्षात मी ह्यांना एकही प्रश्न विचारलेला नाही. आठवून पाहिलं. नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

शेवटचा खेळ. ह्यांना घेऊन गेले. अंधारात अगदी आरामात बसले.

दार आलं. मोरिता-सानचं तोंड उघडलं — आणि मिटलं. सभागृहात कुणी खोकलंही नाही. पडद्यावर योहाना, आणि यंत्राची घरघर. मला कितीतरी वाक्यं सुचत होती. ह्यांच्याकडे पाहिलं. हे पुढे वाकून बघत होते, शाळेतल्या मुलासारखे. काय दिसलं त्यांना, कोण जाणे.

बाहेर पडल्यावर मोरिता-साननी ह्यांना वाकून नमस्कार केला. ह्यांनीही केला. ईश्वरीला भाषांतराचं काम पडलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

सरकारी सुट्टी, स्वानंद घरी. त्याने कोन्बिनीतून निवासाचा अर्ज छापून आणला. तो आणि आपल्या घराचा फोटो, दोन्ही मी ह्यांच्यासमोर ठेवले. कुठे राहायचं, एवढंच विचारलं. मग तोंड बंद.

ह्यांनी डाव्या हाताने अर्ज ओढला. ठीक आहे. मला राग यायला हवा होता, आला नाही.

मग पेन्सिल घेतली. खाली दोन चौकोन आहेत: दोघांची खोली, एकाची खोली. ह्यांनी एकाच्या खोलीवर खूण केली. चुकलं असेल म्हणून मी खोडून कागद पुन्हा दिला. पुन्हा तिथेच खूण. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

स्वानंदने मला विचारलं, "बाबा असं का म्हणतायत?"

मी म्हटलं, "त्यांना विचार."