मोटेची बैलं

आबा, जत्रेहून आल्यावर पहिल्यांदा मोट जुंपली आणि आपल्या पांढऱ्या बैलानं धावेच्या उतारावर मागं पाऊल टाकलं नाही, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. मोट थारोळ्याच्या दगडी कुंडात रिकामी झाली होती. आता बैलांनी पाठमोरं सरकत विहिरीकडं वर यायचं आणि मोट पाण्यात उतरायची, एवढंच. हे मी तुम्हाला काय सांगावं. ही जोडी आईनं तुमच्यामागं वासरांपासून वाढवलेली, तिच्या नुसत्या "सर मागं" वर एकेक पाऊल मोजल्यासारखी मागं यायची. त्या सकाळी जोडीतला कोसा सरला आणि पांढरा तिथंच उभा राहिला. कान पुढं, अंगावरची कातडी थरथरतेय. मी कासरा ओढला तर त्यानं मान खाली घालून पुढंच जोर केला, मोटेचा नाडा ताणला आणि रिकामी मोट वर चाकावर दाणकन आपटली. आई खाली उसात पाण्याची दारं धरत होती. तिनं खोरं टाकलं आणि वर बघितलं. असं तिनं माझ्याकडं पूर्वी कधीच बघितलं नव्हतं. तुमच्याकडं बघितलं असेल, असं आता वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत बाराखडी गिरवत होतो. पुढं मामानं मला सांगलीला शिकवलं, कॉलेजात घातलं, आणि मी ते मध्येच सोडून घरी आलो. गावात काही लोक समजतात की मी स्वातंत्र्याच्या चळवळीपायी सोडलं. मी तसं कधी म्हणालो नाही, पण कुणी आदरानं रामराम घातला तर घेतो. खरं कारण एक मुलगी आहे, आबा. आपल्या शेजारच्याच गावची. सांगलीत ती मावशीकडं शिकायला राहायची आणि तिची मावशी माझ्या खोलीच्या गल्लीत. कृष्णेच्या घाटावरून परत येताना कधी गाठ पडायची. एकदा ती म्हणाली, "तुम्ही एवढं तरातरा का चालता? जरा हळू चाललात तर माणसाला चार शब्द बोलता येतील." मी आणखीनच जोरात चालत सुटलो. मग एक दिवस तिचा बाप आला आणि तिला शाळेतून काढून गावी घेऊन गेला, लग्न बघायचं म्हणून. पुढच्या आठवड्यात मी वळकटी बांधली. प्रोफेसर म्हणाले परीक्षेपर्यंत तरी थांब. मी त्यांना काहीतरी वेडंवाकडं बोललो आणि निघालो. माझा स्वभाव तुमच्यावर गेलाय असं सगळे म्हणतात. म्हणणाऱ्याचा आवाज मात्र दर वेळी वेगळा असतो.

गावी येऊन तरी काय, तिच्या घरासमोरून सायकलवर जायचं आणि यायचं. तिचा भाऊ पारावर बसलेला असायचा. त्याला एकच नाद, शर्यतीचा. त्याच्याकडं खास पळायची म्हणून पाळलेली जोडी आहे. त्या बैलांच्या खांद्यावर कधी नांगराचं जू आलं नाही की त्यांनी विहीर बघितली नाही. दूध, अंडी, उडदाचा भरडा खायचं, कातडी तुकतुकीत ठेवायची आणि वर्षातनं चार-दोन वेळा पळायचं. एकदा त्यानं मला सगळ्यांसमोर हटकलं. म्हणाला, "काय गड्या, पुस्तकं झेपली न्हाईत म्हनं. मग बैलं तरी हाकून दाव. तुझा बाप लय भारी हाकायचा म्हनत्यात." पारावरची माणसं हसली. मी म्हणालो, बघूच चैत्रातल्या जत्रेत.

तुमचं नाव निघालं म्हणून पेटलो, असं मी स्वतःला सांगितलं. तुमच्या शर्यतींच्या गोष्टी मी किती ऐकल्यात. औंधापासून इकडं नदीकाठापर्यंत तुमचा छकडा कसा कुणाला गावत नव्हता, तुम्ही उभ्यानं कसे हाकायचे, जिंकल्यावर गुलालात न्हाऊन मला खांद्यावर घेऊन वेशीतून कसे आलात. ते शेवटचं तर मला आठवतंसुद्धा. तुमचा फेटा सुटला होता आणि त्याचं टोक मी मुठीत धरलं होतं. पण मी छकडा पळवताना ती बायकांच्या गाड्यांमधून बघत असेल, हेच माझ्या डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

आई भाचीच्या लग्नाला पंधरवडाभर फलटणला गेली होती. जाताना बैलांच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, ह्यांना लांब नेऊ नकोस, उन्हाळा हाय. मी हो म्हणालो. मग रोज पहाटे नदीच्या वाळूत दोघांना पळवलं. हलगी वाजली की सुटायचं, ओरडा झाला की आणखी सुटायचं, हे त्यांना शिकवलं. पहिले काही दिवस ती मागं वळून माझ्याकडं बघायची, की हा आज असा काय करतोय. शर्यतीला काय लागतं त्याचा मी हिशेब केला होता तो एवढाच: उसना छकडा, चाकाला वंगण, खुराक, आणि पाय लचकला तर लावायला लेप. घरचं जनावर पळवायचं तर एवढाच खर्च, असं मला वाटलं.

जत्रेचा दिवस आठवतो तेव्हा सगळं आत्ता चाललंय असं वाटतं. हलगी कडाडतेय, धूळ एवढी की पुढच्या छकड्याची चाकं दिसत नाहीत. तिच्या भावाची जोडी माझ्या अंगावरून पुढं जातेय. मी ओरडतो, पराणी टोचतो, आणि तरी कमी पडतंय बघून वाकतो आणि पांढऱ्याची शेपटी दातात धरून चावतो. ज्या बैलाला आईनं बाटलीनं दूध पाजलं त्याची. तो जो उसळतो, तो थेट निशाणापलीकडं. मी जिंकलो, आबा. लोकांनी मला उचललं. बायकांच्या गाड्यांपाशी मला उतरवलं तेव्हा ती समोरच होती. माझ्या तोंडात शेपटीचे केस होते आणि ओठाला रक्त, माझं नव्हे. तिनं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. मी तिथंच थुंकलो. दुसरं काय करायचं ते कळेना.

मग ती मोटेवरची सकाळ. त्यानंतर रोज तेच. कोसाही बिघडला. लांब कुठं कुणी हाळी दिली की दोघं पुढं झेप घेतात. मागं सरकायचं म्हटलं की त्यांना कळतच नाही, आपण काय मागतोय ते. आई त्यांच्या तोंडासमोर उभी राहते, कपाळाला हात लावून, पाऊल पाऊल मागं ढकलते, आणि दिवस मावळेपर्यंत निम्मा वाफाही भिजत नाही. खालचा ऊस पिवळा पडला. पळायला शिकवलं पंधरवड्यात. विसरवायचं कसं, ते गावात कुणालाच माहीत नाही.

अशात तिचा भाऊ आला. बैलं बघितली, दात बघितले, पाय दाबून बघितले आणि म्हणाला, ही आता माझ्या दावणीची झाली, मला दे. मग ओट्यावर बसून जरा आवाज खाली केला. माझं मन त्याला ठाऊक होतं, आणि माणूस वाईट नाही. म्हणाला, "म्हाताऱ्यापाशी मीच विषय काढला हुता रं. त्यो म्हनला, पोटापाण्याची बैलं जो पळवतो त्याच्या पदरात पोरगी टाकायची माझी छाती न्हाई. ह्याच्या बापाचं काय झालं ते आमी डोळ्यांनी बघितलंय." आणि तिची सोयरीक पलटणीतल्या एका हवालदाराशी जमली, जेठात लग्न. मी त्याची गचांडी धरली. त्यानं सोडवून घेतली नाही, नुसता बसून राहिला, म्हणून मलाच हात सोडावा लागला.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, आबांचं काय झालं होतं? मला लहानपणापासून सांगितलेलं की नाडा जुना झाला होता, तो तुटला आणि तुम्ही पडलात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नाडा जुना न्हवता रं. रस्त्यानं वरात चालली हुती, हलगी वाजली आन् बैलं पळाली. मोट हाकताना त्यो नाड्यावर बसला हुता. थारोळ्याच्या दगडावर पडला." मग भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्यानंच शिकवली हुती त्यास्नी पळायला." मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुला बाप चांगलाच आठवावा म्हणून.

तेव्हा मला लहानपणी तुमच्याकडून खाल्लेली ती थोबाडीत आठवली. मी मोटेपाशी पत्र्याचा डबा बडवत होतो आणि तुम्ही धावेवरून धावत येऊन मला असं मारलंत की कानात दिवसभर गुणगुण चालू राहिली. वर म्हणालात, मोटेवर आवाज करायचा नाही, कधीच नाही. मला वाटलं तुम्हाला गाणं म्हणायचं होतं आणि मी मोडलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, आबा. आपली तेव्हाची बैलं कसली झालीत ते कळत असून तुम्ही रोज त्या नाड्यावर बसत होतात, आणि पुढच्या जत्रेचीही तयारी करत होतात. मला तुमचा राग आलाय. घरात एक बाई आणि एक पोर असताना माणूस हे कसं करतो, असं मी दोन दिवस स्वतःशी पुटपुटत फिरलो.

मग मी निरोप पाठवला की जोडी घेऊन जा. आई एवढंच म्हणाली की दोघांना जोडीनंच दे, एकट्याला तोडू नकोस. आलेल्या पैशात जतच्या बाजारातून एखादी वयस्क, मोटेवर मुरलेली जोडी मिळेल. ऊस वाचवायचा म्हणून बैलं देतोय, असं मी तिला सांगितलंय आणि तिला ते पटलंय. ती माझ्यावर खूश आहे. पोरगा शहाणा झाला म्हणाली.

तुम्हाला मात्र खरं सांगतो. हा कागद कुठं जाणार नाही, म्हणून सांगता येतं. काल संध्याकाळी रस्त्यानं कुणाची तरी वरात गेली. हलगी वाजली तशी पांढऱ्यानं मान वर केली. पण त्याच्याआधी मी उठून उभा राहिलो होतो. हातात कासरा नाही, समोर छकडा नाही, आणि माझे गुडघे वाकलेले, दात आवळलेले. त्या वेळी ती मनात नव्हती. ऊसही नव्हता, आई नव्हती. ही बैलं दावणीला राहिली तर मी ती पुन्हा पळवीन, म्हणून देतोय.

तिचा भाऊ आलाय. आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन गोठ्यात गेली आहे. ती बैलांच्या पाया पडेल आणि मग मला हाक मारेल, कारण दावं घरच्या पुरुषानं सोडायचं असतं. तिनं मारली हाक. कागद खिशात घालतो आणि बाहेर पडून दार ओढून घेतो.