अप्पांची नागीण

लालबाग, मंगळवार

प्रिय सुनेत्रा,

घरात सगळी ठीक आहात ना? तुझा गुडघा काय म्हणतो? फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि आपली लेक आकांक्षा सगळं ऐकते, म्हणून हे पत्र आज गावी निघालेल्या कुशाबाकडे देतोय.

अप्पा बरे आहेत, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतके. कमरेला नागीण उठलीय. तिचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस संपला, या भीतीने रोज सकाळी सदरा वर करून विचारतात, “बघ रे, जुळली काय?” शेजाऱ्यांनी घरगुती उपाय म्हणून त्यावर गेरू फासून हात धुऊन घेतले.

डॉक्टर म्हणाले, हा लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. शरीर त्याला हरवतं, पण घालवत नाही. तो नसेत दडून राहतो, पागडी देऊन कायमचा बसलेल्या भाडेकरूसारखा, आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती ढिली पडली की डोकं वर काढतो.

आता मुद्द्याचं. आकांक्षाला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत ना? लसही दिलेली आठवत नाही. म्हणजे तिच्या शरीराला या शत्रूची ओळखच नाही. अप्पांच्या फोडांचं पाणी लागलं तर तिला कांजिण्या होतील, आणि पोटात बाळ आहे. आजोबांचं कळलं तर ती पहिली गाडी पकडेल. खपल्या धरेपर्यंत तिला अडव, काहीही थाप मार.

काल हे अप्पांना सांगितलं. आज सकाळी त्यांनी सदरा वर केलाच नाही. म्हणाले, “जुळली तर जुळांदे. आधी तिका थांबव.”

तुझा,
धनेश