लाकडी जमीन वर आली त्याची हकीकत

वरणगाव,
वैशाख, आखाजीनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप तोतारामभाऊ यांना वरणगावहून अमृतचा दंडवत. (तुम्ही कुंदाचे थोरले भाऊ, म्हणून 'तीर्थस्वरूप' लिहावं लागतं. या आठवड्यात ते मला फार जड गेलं.) इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण खोटं का लिहू? इकडे जमीन वर आली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना ऊन बाधलं नाही ना? हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण माझा फोन दिवसभर कुंदाच्या हातात असतो, आणि या पत्रातला काही मजकूर तिच्या कानावर गेलेला मला परवडणार नाही. म्हणून उन्हातान्हात पोस्टात जाऊन पाकीट आणलं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा तुम्ही आहात. लाकडी जमिनीचं खूळ या घरात आणलं कुणी? दिवाळीत तुम्ही नाशिकच्या कुठल्याशा हॉटेलात उतरलात, तिथल्या खोलीत अनवाणी उभे राहिलात आणि स्वतःच्या पायांचा फोटो काढून कुंदाला पाठवलात. (माणूस देवळाचा फोटो पाठवतो, डोंगराचा पाठवतो. पायांचा?) तिने तो बोटांनी मोठा केला, पाय बाजूला सारले आणि पायांखालचं लाकूड पाहिलं. तेव्हापासून आमची शहाबादी फरशी तिच्या डोळ्यांत खुपायला लागली. भाऊ, त्या फरशीवर वैशाखातल्या दुपारी पाणी शिंपडून उघड्या पाठीने आडवं पडण्यात काय सुख आहे हे तुम्हाला सांगायला नको. गेल्या उन्हाळ्यात माझी पंख्याखालची जागा बळकावून तुम्हीच तिथे घोरत होतात. पण मयुरीला बघायला पाचोऱ्याची मंडळी यायची होती. स्थळ चांगलं, मुलगा शिकलेला, आणि पोरीने त्याचा फोटो पाहून पहिल्यांदाच नाक मुरडलं नव्हतं. कुंदाचं म्हणणं पडलं की बैठक बसेल ती हॉल बघण्यासारखा झाल्यावरच. मुलीच्या लग्नाच्या नावाखाली बापाला काहीही विकता येतं.

कारागीर सुरतेचा. आला तो कानाला फोन लावून, गेला तोही तसाच. पण कामाची पद्धत मला आवडली, हे मी लपवत नाही. शहाबादीवर पांढऱ्या फोमचा पातळ थर, त्यावर लाकडाच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत घालायची, लाकडी ठोकळा धरून हातोडीने हलकेच ठोकायचं, की बसली. खिळा नाही, स्क्रू नाही, सांध्यात नखसुद्धा शिरत नाही. माझी उभी हयात फॅक्टरीच्या तपासणी खात्यात केसाएवढी फट शोधून माल परत पाठवण्यात गेली. असं फिटिंग पाहून मला भरून आलं. आणि मग त्या इसमाने काय करावं? चारही भिंतींपाशी बोट जाईल एवढी फट सोडून दिली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, साब, लकडी है, साँस लेगी. फटीवर चिंचोळी पट्टी बसली की काही दिसणार नाही, पट्ट्या पुढच्या खेपेला आणतो, असं सांगून जो गेला तो गेलाच. कापलेलं, रंधा मारलेलं, पॉलिश केलेलं लाकूड श्वास घेतं, हे मी या वयात ऐकून घ्यायचं?

फटीत मुंग्या जाणार, झुरळं जाणार, कुंदाच्या पापडांचा चुरा जाणार. तेव्हा घराची काळजी असलेल्या कुणीतरी सागाच्या चिपा ठोकून आणि वरून पुट्टी भरून ती फट पक्की बंद केली. कुणी केली हा प्रश्न इथे गौण आहे. काम मात्र एक नंबर झालं होतं. बैठकीच्या आदल्या दिवशी कुंदाने सवयीप्रमाणे ओल्या फडक्याने जमीन पुसली, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुसली. शिवाय पाहुणे भाजून निघू नयेत म्हणून खिडकीतला मोठा कूलर रात्रीपासूनच चालू ठेवला. आमचा कूलर तुम्हाला ठाऊक आहे. वारा कमी, पाणी जास्त. त्याच्यापुढे ठेवलेला पापडसुद्धा पोळीसारखा गुंडाळता येतो.

पाचोऱ्याहून मुलगा पियुष, त्याचे वडील रुपचंदभाऊ आणि त्याची आत्या भिकुबाई अशी मोजकीच मंडळी आली. (आमच्या बाजूने मुलीचा मामा असायला हवा होता. मामाने कळवलं की गुडघा दुखतो. ठीक आहे.) गाद्या घातल्या होत्या, पाणी दिलं, ऊन नको म्हणून दार लावून घेतलं. पियुष फोन आला म्हणून ओसरीवर गेला होता, कुंदा आणि मयुरी स्वयंपाकघरात होत्या. रुपचंदभाऊंनी हॉलभर नजर फिरवली आणि काम सुरेख झालंय म्हणाले. त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, तोच खालून सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला आणि बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जमीन पाठ काढून उभी राहिली. मी गादीसकट एका भिंतीकडे घसरलो, भिकुबाई गादीसकट दुसरीकडे. रुपचंदभाऊ नेमके मध्ये होते, ते उंचावर राहिले.

दार उघडायला गेलो तर ते उघडतं आत. वर आलेल्या पट्ट्या दाराच्या खालच्या कडेला अशा भिडल्या होत्या की दार जागचं हलेना. स्वयंपाकघराचं दारही हॉलमध्येच उघडतं, त्याचंही तेच. कुंदा मयुरीला घेऊन मागच्या दाराने फिरून ओसरीवर आली आणि पाहुण्यांना दुसऱ्या खिडकीच्या गजांतून चहाचे पेले देऊ लागली. बशा आडव्या जाईनात म्हणून चिवडा कागदाच्या पुड्यांतून दिला. मी म्हणालो, घर आपलंच समजा. हे तेव्हा म्हणायला नको होतं. मुलगी बघायला येऊन स्वतःच इथे अडकलेल्या भिकुबाई म्हणाल्या, "आम्ही पोर देखाले उनूत भाऊ, आते आमलेच आठे ठेवशात का?"

आणि ओसरीवर काय चाललं होतं? बैठकीत मुलामुलीला बोलायला दिलाच तर घडीभर वेळ देतात, तोही शेजारी कुणीतरी खोकत बसून. इथे वडीलधारी मंडळी गजाआड, कुंदा चहा-चिवड्याच्या धावपळीत, आणि ती दोघं ओसरीच्या पायरीवर मोकळी. आम्ही आत घामाने निथळतोय (आवाजात खिडकीतलं बोलणं ऐकू येईना म्हणून कूलर बंद केला होता), आणि बाहेरून हसण्याचे आवाज येताहेत. रुपचंदभाऊंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी पेल्यात पाहिलं.

शेवटी मयुरीच खिडकीशी आली. पोरगी सिव्हिल शिकलेली. तिने भिंतीच्या कडेला नजर टाकली आणि म्हणाली की लाकूड ओलाव्याने फुगलंय आणि त्याला सरकायला जागाच ठेवलेली नाही, कडेची पुट्टी काढा. कुंदाने गजांतून उलथणं दिलं. मी हात पुढे केला, पण रुपचंदभाऊ जवळ होते. परीटघडीच्या पांढऱ्या कपड्यांत तो कापसाचा व्यापारी, माझा होऊ घातलेला व्याही, गुडघ्यांवर बसून माझ्या घराची पुट्टी खरवडू लागला. एकेक चीप निघाली तशी जमीन कुरकुरत खाली आली आणि दार सुटलं. तेव्हा ते उलथणं हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "अमृतभाऊ, ही फट बुजवणारा शहाणा कोण?" यावर मी काय उत्तर दिलं ते सविस्तर लिहिलं असतं, पण कागदाची ही बाजू संपत आली.

मंडळी कळवतो म्हणून गेली. भाऊ, मला राग आला आहे. तुमच्या पायांचा, त्या सुरतेवाल्याचा, कूलरचा, सगळ्यांचा. पण त्याहून भीती जास्त वाटते. नुसता फोन वाजला की मयुरी उठते. पोरीचं मन बसलंय आणि ते माझ्या हॉलपायी मोडलं, तर मी तिच्याकडे कोणत्या तोंडाने बघू? याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. वहिनींना नमस्कार.

आपला रागावलेला मेहुणा,
अमृत

ता. क. : मी उत्तर दिलं, "मयुरीच्या मामाने." तोंडातून निघून गेलं. तपासणी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाने व्याह्यासमोर दुसरं काय म्हणायचं होतं? तुम्ही हजर असतात तर असं म्हणण्याची माझी हिंमत झाली नसती, म्हणजे दोष मुळात तुमच्या गुडघ्याचा आहे.

आणखी ता. क. : पाकीट बंद करायच्या आत पाचोऱ्याहून फोन आला. होकार आहे. पियुष घरी सांगतोय की इतकं मोकळं तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. मयुरी आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली आहे, आणि मलाही लिहिताना नीट दिसत नाहीये. पण रुपचंदभाऊंचा आग्रह आहे की साखरपुड्याला मुलीचे मामा आलेच पाहिजेत, त्यांना एकदा बघायचंय. तेव्हा भाऊ, हात जोडतो, राग विसरा, या, आणि विचारलं तर हो म्हणा. चिपा सागाच्या, वरून पुट्टी, एवढं लक्षात ठेवा. कुंदाला यातलं काही ठाऊक नाही, तिला कळू देऊ नका.

भाऊ, हे डिंक मागाले आले आणि पाकीट माझ्यापाशीच ठेवून गेले, म्हणून वाचलं. चिपा ठोकत होते तवा मी दारातून पाहतच होती. इतके खूश होऊन ठोकत होते की माझ्यानं बोलवलं नाही. खिडकीतून उलथनं देल्यावर तुझं नाव घेतलं तेबी ऐकलं. पोरीच्या साखरपुड्यात तिच्या बापाची मान खाली जायले नको. मामाची गेली तरी चालते. तू येजो, अन् हो म्हनजो. — कुंदा