चिंचोक्यांची पिशवी कमलला

मी, कुमारी शेवंती हरेश्वर केणी, वय पंचेचाळीस, धंदा नोकरी (नर्सिंग शाळेत शिक्षिका), राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहिते. गाठ पोटात आहे, डोकं ठिकाणावर आहे.

१. मुलुंडची माझी एक खोली व स्वयंपाकघर ही जागा स्वकष्टार्जित आहे. ती माझ्या पश्चात माझी मैत्रीण, स्टाफ नर्स श्रीमती कमल रतन साळवे, राहणार नाहूर, हिला मिळावी. माझा भाऊ गुणाजी याने हरकत घेऊ नये. बोरीवलीच्या वडिलोपार्जित घरातला माझा हिस्सा मी त्याला देते. "बाईच्या जातीला गणित कशाला" हे त्याने मला दर दिवाळीला ऐकवलं, तरी भिंतीवरचं घड्याळही त्यालाच द्यावं. ते नेहमी मागे पडतं, त्याला शोभेल.

२. कमललाच का, हे लिहिणं भाग आहे. सन १९८१ साली हॉस्पिटलने आम्हा दोघींना शिक्षिका होण्याच्या कोर्सला पाठवलं. त्यात संख्याशास्त्राचा पेपर होता. शिकवणारे सर आपल्या प्रबंधासाठी दोन पद्धती ताडून पाहत होते, म्हणून चिठ्ठ्या काढून त्यांनी वर्गाचे दोन गट पाडले. एका गटाने फळ्यावरची सूत्रं उतरवून पाठ करायची. दुसऱ्याला चिंचोक्यांची पिशवी. त्यात काही रंगवलेले, काही साधे. न बघता मूठभर काढायचे आणि पिशवीत रंगवलेले किती असतील त्याचा अंदाज बांधायचा.

मला फळा आला. आकडे दिसले की माझी बोबडी वळायची. मी जिन्यात बसून रडले. कमलने आपली चिंचोक्यांची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली. म्हणाली, "घे गं. माझं गणित चांगलं आहे. मला फळा काय नि चिंचोके काय." सरांना याचा पत्ता लागला नाही.

मुठी काढता काढता मला उमगलं, की वॉर्डातले चार पेशंट म्हणजे सगळं गाव नव्हे, तरी त्यांच्यावरून गावाचं काहीतरी सांगता येतं. पलीकडच्या वर्गात कमल विचारायची, हे सूत्र कशासाठी? तिला सांगितलं जायचं, आधी उतरवून घ्या. कशासाठी ते कळल्याशिवाय तिचा हात चालत नाही, वॉर्डातही नाही. ती नापास झाली. हॉस्पिटलने तिला पुन्हा पाठवलं नाही. ती परत रात्रपाळ्या करू लागली आणि मी वर्गात खुर्चीवर बसले. चिंचोक्यांची पद्धत बरी, असा सरांचा निष्कर्ष निघाला. तो निघायला कमलची वाट लागायची गरज नव्हती. याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते कमी झालेलं नाही.

खरी शिक्षिका ती होती. माझ्या वर्गातल्या मुली कुठे अडल्या की कमलने हे कसं समजावलं असतं ते मी मनात आणते आणि तसंच सांगते. एकदा हे तिला बोलले. ती म्हणाली, "चिठ्ठी माझी, दिली मी. तू कशाला कुढतेस?" तेव्हापासून काही देऊ केलं की ती उठून चालू लागते. मेलेल्या माणसाला परत करता येत नाही, म्हणून हा मार्ग धरला.

३. सरांनी जाताना माझ्या हवाली केलेली ती पिशवी कमलला द्यावी. दहाव्याला कोणी कावळ्याची वाट बघत बसू नये. त्या दिवशी माझ्या वर्गावर कमलने तास घ्यावा. आमच्या मुख्य बाईंनी होकार दिला आहे. मुलींनी तिला हवं ते विचारावं, आणि विचारणाऱ्या मुलीला कोणी गप्प बसवू नये.

४. वकिलांनी बजावलं आहे, की ज्याला मिळायचं त्याने साक्षीची सही करू नये. कमल आज आली आहे. "सही मी करते ना," म्हणाली. मी नको म्हटलं, कारण सांगितलं नाही, आणि शेजाऱ्यांना बोलावलं. ती रागावून आत गेली. आत माझ्यासाठी पेज शिजवते आहे, भांडी जरा जोरातच आपटते आहे. मी तिला पुन्हा बाहेर ठेवलं, असंच तिला वाटत असणार.

कमल, या वेळी का ठेवलं, ते आता तुला कळलं.

सही: शेवंती हरेश्वर केणी

शेवंतीबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत वाचून सही केली, म्हणून आम्हीही केली:
१. सुलक्षणा चंदर वैती, शेजारीण
२. नंदकुमार अण्णा भोईर, सोसायटीचे सेक्रेटरी

मुलुंड, दिनांक १२ नोव्हेंबर १९८८