दोन बंद्यांचं इंजिन, दहा बंद्यांचा बाँड

सुकापूर, बुधवार संध्याकाळ

उरणहून मासळी घेऊन येणाऱ्या गुलाबताई आज दारातच बसल्या. होडीच्या नव्या इंजिनासाठी साठवलेले पैसे दहा वर्षांच्या सरकारी बाँडात टाकते म्हणाल्या. "सरकारचं हाय, बुडाचं नाय ना, काका?"

बुडणार नाही, म्हटलं. बाँड म्हणजे आपण सरकारला दिलेले उसने पैसे. दर सहा महिन्यांनी व्याज, मुदत संपली की मुद्दल. पण मधेच नड आली तर तो बाजारात विकावा लागतो. तोवर नवे बाँड जास्त व्याज देऊ लागले असतील, तर आपला जुना कमी भावात जातो.

"म्हंजे सांजच्याला उरलेली मासली."

जवळपास तसंच. पण इंजिन कधी बदलायचं? तर पावसाळ्यात मासेमारीला बंदी असते, होडी किनाऱ्यावर ओढलेली, कामं तेव्हाच. इंजिन अजून दोन बंद्या काढील, म्हणाल्या. आणि बाँड दहा बंद्यांचा! म्हटलं, दुसऱ्या बंदीआधी मुदत संपेल असाच घ्या. व्याज थोडं कमी मिळेल.

"कमी?" म्हणाल्या आणि पाटी उचलून गेल्या.

तेव्हापासून चुटपुट. उगाच बाईचं चार पैशांचं व्याज घालवलं का मी? पण ते इंजिन...

आत्ताच त्यांचा फोन आला. "काका, घरी इचारलं. मालक म्हनतान, दर्यात इंजिन बंद परलं तं व्याज काय वल्हवाला येनार हाय?"