झाडावरचा तितर

कोल्हापूर, नाताळ १९०७

तीर्थरूप अब्बांस मेहमुदाचा सलाम.

मिशनच्या शाळेत धर्माच्या पुस्तकाला हात लावलास तर शाळा बंद, ही आपली अट मी पाळली आहे. गाण्यांना मात्र आपण मुभा दिली होती. बारा दिवसांच्या बारा भेटींचे नाताळचे गाणे मी ईदेला म्हटले, ज्यात पहिली भेट झाडावरचा तितर, तेव्हा आपण हसलात: "झाडावर कसला तितर, पोरी? त्याचं घर भुईवर! शिकारखान्यात जलम गेला माझा, मला शिकवतीस व्हय?"

मी ती चूक शाळेतल्या बाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "चूक नव्हे. विलायतेत काहींना आपला धर्म उघड बोलण्यास बंदी होती, तेव्हा तो या खेळगाण्यात लपवला, असे जुने लोक सांगतात. झाड म्हणजे क्रूस. पिलांसाठी पंख मोडल्याचे सोंग करून शिकाऱ्याला आपल्यामागे नेणारा तितर म्हणजे प्रभू."

अब्बा, ते सोंग पन्हाळ्याच्या माळावर आपणच मला दाखवले होते, आणि रोखलेली बंदूक खाली केली होती. पुस्तक न उघडताही त्यातला प्रभू माझ्यापर्यंत पोहोचला होता, आणि तेही आपल्या हातून!

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सुट्टीत आपण ते गाणे पुन्हा म्हणायला लावाल. मी म्हणेन, आणि अर्थ विचारलात, तर खाली बघून सांगेन, "ल्हान पोरांचं गाणं हाय, अब्बा."

आपली लेक,
मेहमुदा